पाकिटवाले काका

परदेशी सहलीला निघालेल्या मराठी ग्रुपमध्ये काही पदं आपोआप भरली जातात. विमानतळावर पासपोर्ट शोधणारे एकजण असतात. दर नाश्त्याला "आमच्या स्वित्झर्लंडच्या वेळी" अशी सुरुवात करणाऱ्या एक बाई असतात. आणि एक असतात पाकिटवाले काका. त्यांची निवडणूक होत नाही. टूर मॅनेजर घसा खाकरून "तिकडे टिप द्यायची पद्धत आहे बरं का" एवढंच म्हणतो, बाकीचे सगळे एकदम आपापल्या बॅगांच्या चेनी तपासायला लागतात आणि काका खिशातून डायरी काढतात. झाली नेमणूक.

आमच्या टांझानियाच्या सहलीतले काका सहकारी बँकेतून शाखाधिकारी म्हणून निवृत्त झालेले. राहत्या सोसायटीचे खजिनदार, आणि खजिनदार तरी कसे, तर लिफ्टच्या दुरुस्तीची वर्गणी तळमजल्यावाल्यांकडून वसूल केलेले. अशा माणसाला सिंह काय घाबरवणार! सफारीसाठी त्यांनी खास बारा खिशांचं खाकी जाकीट शिवून घेतलं होतं. दुर्बीण, टोपी, पाण्याची बाटली हे सगळं काकूंच्या गळ्यात. जाकिटाचे खिसे फक्त नोटांसाठी. डावीकडे वर एक डॉलरच्या, खाली पाचाच्या, उजवीकडे दहाच्या. त्यापुढचा माल काकूंनी बनियनला आतून शिवलेल्या चोरखिशात. तिथवर हात पोचवायचा तर शर्टाची तीन बटणं सोडावी लागत, म्हणून मोठी रक्कम काढायची वेळ आली की काका झाडाआड जात. या जंगलात झाडाआड जायचं नसतं, तिथे आधीच कोणीतरी बसलेलं असू शकतं, असं ड्रायव्हरने पहिल्याच दिवशी बजावलं होतं.

डॉलरही साधेसुधे नव्हते. टांझानियात 2006 च्या आधी छापलेल्या डॉलरच्या नोटा घ्यायला लोक कुरकुरतात, आणि फाटकी किंवा शाईचा डाग पडलेली नोट तर कोणी हातात धरत नाही. हे कळल्यावर काकांना पर्यटनात पहिल्यांदा रस वाटला. पैसे बदलून देणाऱ्याच्या काउंटरवर त्यांनी नोट न् नोट उजेडात धरली, साल वाचलं, कोपरे तपासले. मागची रांग कुरकुरायला लागली तसे ते वळून म्हणाले, "घाई असेल त्यांनी माझ्या नापास नोटा घ्या."

विमान सुटल्यावर टूर कंपनीच्या चिठ्ठीवर चर्चा सुरू झाली. चिठ्ठीत दोनच ओळी होत्या. ड्रायव्हर-गाईडला गाडीमागे दिवसाला साधारण वीस ते तीस डॉलर. कॅम्पच्या कर्मचाऱ्यांसाठी रिसेप्शनवरच्या पेटीत ऐच्छिक.

"साधारण म्हणजे काय?" काकांनी विचारलं. "वीस आणि तीसमध्ये पन्नास टक्क्यांचा फरक आहे. आणि ऐच्छिक? ऐच्छिक वर्गणीवर आजपर्यंत एक तरी गणपती बसलाय का?"

मग पोटप्रश्न निघाले. गाडीमागे म्हणजे सहाजणांत समान वाटणी, हे मान्य. पण ड्रायव्हरशेजारी बसणाऱ्याला सिंह आधी दिसतो, त्याने जास्त द्यायचे की नाही? आमच्यात एक नवीन लग्न झालेलं जोडपं होतं. ते दोघं एकमेकांशिवाय कशाकडेच बघत नव्हते, त्यांना सूट द्यायची का? मी म्हटलं, "काका, अमेरिकेचा थिओडोर रूझवेल्ट 1909 साली पूर्व आफ्रिकेत शिकारीला आला तेव्हा त्याच्याबरोबर अडीचशेच्या वर हमाल होते. कातडी टिकवायला चार टन मीठच होतं नुसतं." काकांच्या डोळ्यांत आदर दाटून आला. "अडीचशे! पाकिटं कोणी भरली हो?"

इथे एक सांगून ठेवतो. काका कंजूष नाहीत. गावच्या देवळाच्या पत्र्याला त्यांनी न मागता पैसे दिलेत, कामवाल्या बाईंच्या मुलाची कॉलेजची फी दोन वर्षं भरली आहे. पावती घेऊन, पण भरली आहे. त्यांना देण्याची भीती नाही, चुकीचं देण्याची आहे. जास्त दिले तर लोक खुळ्यात काढणार, कमी दिले तर भिकार म्हणणार, आणि या दोहोंच्या मधला बरोबर आकडा कुठेतरी छापलेला असलाच पाहिजे, अशी त्यांची श्रद्धा आहे. शिवाय आपल्याकडे टिप देताना समोर बघायचंच नसतं. हॉटेलात बिलाच्या ताटलीत बडीशेपेखाली चार नाणी सरकवायची आणि वेटर वळायच्या आत उठायचं. तिकडे माणूस समोर उभा राहतो, हात पुढे करतो, हस्तांदोलन करतो आणि डोळ्यांत बघून "असांते साना" म्हणतो. बडीशेप नाही, काही नाही.

अरुशात उतरल्यावर स्थानिक नोटा हाती आल्या आणि पेच वाढला. टांझानियाच्या दोन हजार शिलिंगच्या नोटेवर सिंह आहे, पाच हजारांवर गेंडा आणि दहा हजारांवर हत्ती. डॉलरला अडीच हजारांच्या आसपास शिलिंग येतात, म्हणजे सिंह साधारण साठ-सत्तर रुपयांना पडतो. ग्रुपला हे फारच सोयीचं झालं. बॅगा उचलणाऱ्याला काय द्यायचं? सिंह. आणि तिघांनी मिळून उचलल्या तर? गेंडा द्या, वाटून घेतील. एकदा काकांनी गडबडीत संडास दाखवणाऱ्या पोऱ्याला हत्ती देऊन टाकला आणि रात्री जेवणापर्यंत ते कोणाशी बोलले नाहीत.

पण खरी योजना ड्रायव्हरसाठी होती. काकांच्या मते टिप कामगिरीवर हवी. त्यांनी डायरीत दरपत्रक आखलं: सिंह एक डॉलर, बिबट्या दोन, गेंडा तीन. झेब्रा आणि विल्डबीस्ट मोफत, कारण ते दिसणारच, त्यात ड्रायव्हरचं काय कौतुक! तरांगिरेच्या राष्ट्रीय उद्यानात हत्ती इतके निघाले की पहिल्या तासातच हत्तीचा भाव कोसळला आणि काकांनी ती ओळ खोडली. सिंह दिवसातले वीस-वीस तास झोपून काढतो असं ड्रायव्हरने सांगितल्यावर "झोपलेला असल्यास निम्मा दर" अशी दुरुस्ती आली. चित्ता कोणत्या गटात घालायचा यावर मतदान झालं.

ही सगळी चर्चा गाडीत, ड्रायव्हरच्या पाठीमागे, मोठ्याने आणि अर्थातच मराठीत. "काय आहे," काका म्हणाले, "गाडी छान चालवतो, पण आत्ताच बक्षिशीचा आकडा फोडायचा नाही. संध्याकाळी चहाच्या वेळी हिशेब करू." ड्रायव्हरने आरशातून मागे बघितलं. "गारी," तो म्हणाला. मग एकेक बोट वर करत, "बक्षीशी. चाय. हेसाबू." आणि मनापासून हसला. हे सगळे शब्द स्वाहिलीत जवळजवळ जसेच्या तसे आहेत, हे आम्हाला कोणी सांगितलं नव्हतं. अरबी समुद्रावर शेकडो वर्षं गलबतं येत-जात राहिली, त्याचा हा परिणाम आमच्या खजिनदारांना भोगावा लागला.

काका डगमगले नाहीत. त्याच रात्री तंबूत गुप्त बैठक झाली. उद्यापासून टिपेला प्रसाद म्हणायचं, गाडीला पालखी आणि ड्रायव्हरला गुरुजी. दुसऱ्या दिवशी सेरेंगेटीत आमची गाडी सिंहांच्या कळपाजवळ थांबलेली आणि आत एक माणूस कुजबुजतोय, "गुरुजींना प्रसाद आजच द्यायचा की पालखी मुक्कामी पोचल्यावर?" शेजारच्या जीपमधले जर्मन पर्यटक अदबीने गप्प झाले. त्यांना वाटलं असावं, यांची प्रार्थनेची वेळ झाली.

दरपत्रकाचा शेवट सेरेंगेटीतल्या सेरोनेरात झाला. दुपारची वेळ, सगळे पेंगलेले. ड्रायव्हरने एकाएकी इंजिन बंद केलं. समोर काहीच नव्हतं. इम्पाला हरणांचा एक कळप चरत होता, एवढंच. ड्रायव्हर हळूच म्हणाला, "बघा, चरत नाहीयेत." खरंच की, चाळीसेक हरणं माना वर करून, कान ताठ करून एकाच दिशेला बघत उभी होती. त्याने त्या नजरांच्या रेषेवर गाडी बोटभर सरकवावी तशी सरकवली आणि एका बाभळीकडे बोट केलं. फांदीवरून एक शेपूट लोंबत होती.

"शेपूटच आहे," काका दुर्बीण लावून म्हणाले. "धड कुठंय? शेपटीला पूर्ण दर लागणार नाही."

ड्रायव्हर काही बोलला नाही. मागून आलेल्या दोन गाड्या थोडा वेळ थांबून निघून गेल्या. आम्ही थांबलो. मग फांदी हलली, बिबट्या उठला, त्याने अंग ताणलं, तोंड फिरवलं आणि सरळ आमच्याकडे बघितलं. तेव्हा दिसलं की वरच्या बेचक्यात त्याने एक हरण अडकवून ठेवलंय. काका उघड्या छतातून बाहेर डोकं काढून उभे होते. डायरी हातातून निसटून नवीन जोडप्यातल्या मुलाच्या डोक्यावर पडली, त्याने पहिल्यांदाच वर बघितलं, आणि त्यालाही बिबट्या दिसला. त्या दिवसाच्या पानावर "बिबट्या" असं लिहिलेलं आहे. पुढे आकडा नाही. हिशेब तपासताना मी स्वतः बघितलंय.

काकूंचं खातं वेगळं होतं आणि ते काकांना ठाऊक नव्हतं. रोज सकाळी तंबू सोडताना त्या उशीखाली दोन डॉलर ठेवत. झाडलोट करणाऱ्या बाईला मुलं किती, शाळा किती लांब, हे सगळं त्यांनी खाणाखुणांनी विचारून घेतलं होतं. घोटाळा असा झाला की तिसऱ्या सकाळी, ऐन नाश्त्याच्या वेळी, रिसेप्शनवरची मुलगी एक पाकीट घेऊन आमच्या टेबलाशी आली. "सर, तुमचे पैसे रोज उशीखाली राहतात. आमच्या स्टाफने जपून ठेवलेत." काकांनी पाकीट उघडून मोजले. काकूंकडे बघितलं. काकू पपईतल्या बिया काढण्यात गढून गेल्या.

"रूमची टिप शेवटी एकदाच द्यायची असं ठरलं होतं," काका म्हणाले.

"तुमचं ठरलं होतं," काकू म्हणाल्या. "मी काय तुमच्या कमिटीवर आहे?"

काका उठले ते तडक टिपेच्या पेटीकडे गेले. कॅम्पच्या रिसेप्शनवर कुलूपबंद लाकडी पेटी असते, पाहुण्यांनी जाताना त्यात पैसे टाकायचे. काकांनी मॅनेजरला विचारलं, किल्ली कोणाकडे? माझ्याकडे. दुसरी? दुसरी नाही. काकांनी त्याला पंधरा मिनिटं बँकेच्या तिजोरीची पद्धत समजावून सांगितली: दोन किल्ल्या, दोन माणसं, एकट्याने उघडायची नाही. मॅनेजर भला माणूस, त्याने वाटपाची वहीच आणून दाखवली. वाढपी, आचारी, भांडी घासणारे, कपडे धुणारे, जनरेटर बघणारा, रात्रीचे अस्कारी म्हणजे पहारेकरी, सगळ्यांची नावं, सगळ्यांचे हिस्से. काकांनी चष्मा लावला. एका पानावर बेरीज चार हजार शिलिंगनी चुकली होती. ती त्यांनी पेन्सिलीने दुरुस्त केली आणि आद्याक्षरं केली. जनरेटरवाल्याला त्या महिन्यात दोन सिंह जास्त मिळाले असणार.

अस्कारींचं मात्र वेगळं. अंधार पडला की पाहुण्यांना एकटं फिरायची परवानगी नसते. भाला किंवा टॉर्च घेतलेला अस्कारी जेवणाच्या तंबूपासून झोपायच्या तंबूपर्यंत सोडायला येतो. पहिल्या रात्री अर्ध्या वाटेत तरस ओरडला. अस्कारीने फक्त टॉर्च फिरवला आणि चालत राहिला. तंबूशी पोचल्यावर काकांनी दर विचारला नाही, खिसाही बघितला नाही. जो हाताला लागला त्या खिशातलं काढून दिलं.

परतताना अरुशाच्या हॉटेलात आम्हाला काकांचा जुळा भाऊ भेटला. हा सहा फूट चार इंच उंच टेक्सासचा अमेरिकन होता. बागेत बसून तो एका कागदावर नावं लिहून समोर आकडे टाकत होता. काका लांबूनच थबकले. आपला माणूस आपल्याला कळतो. पाच मिनिटांत ते त्याच्या टेबलावर होते आणि मला दुभाष्याचं काम लागलं.

केनियाने 1977 मध्ये शिकार बंद केली, पण टांझानियात ती परवान्याने चालते. हा गृहस्थ रानरेड्याच्या शिकारीहून आला होता. दिवसाचं भाडं वेगळं, मारलेल्या प्रत्येक जनावराची फी वेगळी. एक रेडा त्याच्या गोळीने जखमी होऊन झाडीत शिरला आणि सापडला नाही. त्याचीही पूर्ण फी भरावी लागली, नियमच तसा आहे.

"न मिळालेल्या मालाचे पैसे?" काका हादरले.

तेवढ्यावर थांबेल तर शिकार कसली! वर बक्षिशी. आधी पीएच, म्हणजे परवाना असलेला धंदेवाईक शिकारी, ज्याच्या भरवशावर सगळं चालतं. त्याला द्यायची रक्कम डॉलरच्या शेकड्यांपासून हजारांपर्यंत जाते. मग माग काढणारे दोघं, ज्यांना मातीवरच्या खुरावरून रेडा सकाळी गेला की काल हे कळतं. मग कातडी सोलणारा, जो सगळे शेकोटीशी बसलेले असताना कंदिलाच्या उजेडात मीठ चोळत असतो. ड्रायव्हर, आचारी, वाढपी, धोबी, अंघोळीचं पाणी तापवणारा. शिवाय सरकारचा एक गेम स्काउट, जो सबंध शिकारीत बरोबर असलाच पाहिजे.

"सरकारी नोकराला पाकीट?" काकांनी आवाज खाली आणला. "त्याला चहा पाजायचा. पाकीट द्यायचं नाही, लेखी तर मुळीच नाही." अमेरिकनाने हे लिहून घेतलं.

मग त्याने मनातलं सांगितलं. दलालाने दिलेल्या यादीप्रमाणे तो घरूनच पाकिटं भरून आणून बसला होता. शेवटच्या संध्याकाळी सगळा कॅम्प रांगेत उभा राहिला. एकेकाचं नाव, हस्तांदोलन, पाकीट. पाकिटं संपली आणि रांगेत एक माणूस उरला. म्हातारासा, दारे उघडताना दिसणारा, लाकडं फोडणारा, ज्याचं नाव यादीतच नव्हतं. खिशातली रोकड पाकिटांत गेलेली. रांग बघतेय, पीएच आकाशाकडे बघतोय.

"मग?" काका खुर्चीच्या कडेवर आले.

"बूट दिले," अमेरिकन म्हणाला. "चारशे डॉलरचे. तिथेच काढून."

आम्ही टेबलाखाली बघितलं. तो धिप्पाड गडी हॉटेलातल्या रबरी सपाता घालून बसला होता आणि त्याच सपातांवर डॅलसला जाणार होता. काकांनी आपले नवे स्पोर्ट शूज हळूच खुर्चीखाली ओढून घेतले.

"म्हाताऱ्याला बसले?" काकूंनी विचारलं. मी भाषांतर केलं.

अमेरिकनाने बराच विचार केला. "दोन्ही पाय एकात मावले असते," तो म्हणाला. मग कागदाकडे वळला. झोप लागत नव्हती ती बुटांमुळे नव्हे. कातडी सोलणाऱ्याला वीस डॉलर कमी दिले गेले, असं त्याला राहून राहून वाटत होतं. दोघांनी मिळून तो आकडा पुन्हा दोनदा काढला. दोन्ही वेळा वीसच कमी आले.

विमानतळावर ड्रायव्हरचा निरोप घ्यायची वेळ आली. काका झाडाआड जाऊन आले. पाकीट जाड होतं. चिठ्ठीतल्या वीस-तीसचा पत्ता नव्हता, किती ते त्यांनी आम्हालाही सांगितलं नाही, नंतर हिशेबात बघा म्हणाले. मग त्यांनी एक व्हाउचर पुढे केलं. ड्रायव्हरने गंभीरपणे सही केली. आणि मग आपल्या खिशातून एक वही काढली. एप्रिल-मेच्या मोठ्या पावसात कामं बंद असतात, गाड्या उभ्या राहतात. तेव्हा पोरांची फी याच वहीतल्या आकड्यांतून जाते, असं त्याने आदल्या दिवशी काकूंना सांगितलं होतं. पानावर ग्रुपचं नाव, तारीख, रक्कम आणि शेवटच्या रकान्यात स्वाहिलीत एक शेरा. प्रत्येक ग्रुपपुढे शेरा होता. आमच्यापुढे त्याने बराच मोठा लिहिला.

"काय लिहिलं?" काका मान लांब करून म्हणाले.

ड्रायव्हरने वही मिटली. "हकुना मताता, गुरुजी," तो म्हणाला.

गुरुजी हे आपलंच नाव आहे, असं त्याला दोन दिवस वाटत होतं की आमचं, हे आम्हाला शेवटपर्यंत कळलं नाही.

मुंबईत उतरल्यावर आठवड्याभरात ग्रुपवर हिशेबाची पीडीएफ आली. जमा, खर्च, दोघांनी तपासल्याच्या सह्या. उशीखालची रक्कम "सौ. यांचे स्वतंत्र खाते" या नावाखाली. "संडास, अरुशा: हत्ती 1 (नजरचूक)" अशीही नोंद होती. सर्वांत खाली लिहिलं होतं: "शिल्लक: सिंह 1 नग. सहाजणांत वाटणी अशक्य. तूर्त खजिनदारांच्या ताब्यात. हरकती व सूचना पंधरा दिवसांत लेखी कळवाव्यात."

पहिली हरकत नवीन जोडप्याची आली. त्यांना सिंह फोटोत हवा होता.